घट्ट धरण्याची इंग्रजी क्रियापदे : अर्थ व अध्यापन

सहाव्या वर्गातील एखाद्या मुलीची इंग्रजीची वही डोळ्यांपुढे आणावी. बसच्या प्रवासावर तिने सात-आठ वाक्ये लिहिली आहेत. नाचणगावहून ती आजीबरोबर वर्ध्याला निघाली होती, बसमध्ये गर्दी होती आणि आजीच्या पिशवीत पैसे होते. तिने लिहिले आहे, 'माय ग्रँडमदर क्लच्ट हर बॅग.' शिक्षक कोश उघडतात. 'क्लच' या शब्दापुढे 'पकडणे' असा अर्थ दिलेला आढळतो. आणि पकडणे म्हणजे 'कॅच' हे तर पूर्वीपासून पाठच असते. लाल शाईने मुलीचा शब्द खोडला जातो आणि त्यावर 'कॉट' असे लिहिले जाते.

मुलीचे वाक्य बरोबर होते. दुरुस्तीनंतर ते चूक झाले. आजीने पिशवी 'कॅच' केली याचा अर्थ असा की, पिशवी वरच्या फळीवरून पडत होती किंवा कोणी तरी ती फेकली होती, आणि आजीने ती वरच्या वर झेलली. मुलीला सांगावयाचे होते ते निराळे. पैसे जातील या धास्तीने आजीने सारा प्रवासभर पिशवी छातीशी आवळून धरली होती. हे सारे तिने एका शब्दात सांगितले होते आणि तोच शब्द खोडला गेला. पुढच्या वेळी ही मुलगी 'द बस वॉज रेड' यापलीकडे काही लिहिण्याचे धाडस करील की नाही, याची शंकाच आहे. चुकीचा अर्थ शिकविण्यापेक्षाही बरोबर आलेला शब्द खोडण्याने अधिक नुकसान होते, ते असे.

यात शिक्षकांचा दोष मानण्याचे कारण नाही. वर्धा जिल्ह्यात तर या गोष्टीला थोडा इतिहासही आहे. १९३७ साली वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मूलोद्योग शिक्षणाची जी योजना तयार केली, तीत मातृभाषा हे माध्यम होते, हस्तोद्योग हा शिक्षणाचा गाभा होता आणि इंग्रजीला स्थान नव्हते. पुढे महाराष्ट्रात २००० सालापासून पहिल्या वर्गापासूनच इंग्रजी सुरू झाली. खेड्यातील ज्या शिक्षकाने इंग्रजी हा विषय स्वतः पाचवीनंतर केवळ पुस्तकातून शिकला, त्याच्यावर ती लहान मुलांना बोलती करून शिकविण्याची जबाबदारी आली. शब्दाला शब्द देणारा लहान कोश हाच त्याचा आधार राहिला. अशा कोशात होल्ड, ग्रिप, ग्रास्प, ग्रॅब, क्लच, क्लास्प, सीझ या सर्वांपुढे 'धरणे, पकडणे, घट्ट धरणे' एवढेच आढळते. सात शब्द आणि अर्थ मात्र एक, असे दिसले की यांतला कोणताही शब्द कोठेही चालतो, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे.

मराठीत हे भेद नाहीत काय? आहेत, आणि भरपूर आहेत. फरक आहे तो ते दाखविण्याच्या रीतीत. मराठी भाषा 'धरणे' हे एकच क्रियापद घेते आणि त्याच्या शेजारी नाम बसवून अर्थ नेमका करते. मुठीत धरणे, चिमटीत धरणे, कवेत घेणे, उराशी धरणे, बखोट धरणे, मानगूट पकडणे, कान धरणे. यांतील प्रत्येक प्रयोग ऐकताच हात कोठे आहे आणि मनात काय आहे, हे लहान मूलही ओळखते. दुसरी सोय साहाय्यक क्रियापदांची. 'दोर धरला' आणि 'दोर धरून ठेवला' यांत क्षण आणि कालावधी यांचा भेद आहे. 'धरून बसला' म्हटले की त्यात हट्ट आला. 'हिसकावून घेतला' म्हटले की दुसऱ्याची वस्तू आली. तिसरी सोय गच्च, घट्ट, करकचून या क्रियाविशेषणांची. इंग्रजीत हे नाम, हे साहाय्यक क्रियापद आणि हे क्रियाविशेषण अनेकदा एकाच क्रियापदाच्या पोटात असते. म्हणून 'क्लच'चा अर्थ 'पकडणे' असा एका शब्दात देऊ नये. 'भीतीने वा गरजेपोटी छातीशी, मुठीत आवळून धरणे' असा पूर्ण वाक्यांश द्यावा. अर्थ लांबला म्हणून तो वाईट होत नाही.

आता एकेक शब्द पाहू. 'होल्ड' हा या कुटुंबातील वडीलधारा शब्द होय. त्यात घट्टपणा नाही, घाई नाही, भावनाही नाही. वस्तू हातात आहे, एवढेच तो सांगतो. मूल पेन्सिल होल्ड करते, छत्री होल्ड करते. मराठीतील धरणे जसे दूरवर पसरले आहे, उपवास धरणे, अबोला धरणे, झाडाला फळ धरणे, तसेच होल्डचेही आहे. सभा भरविणे यालाही 'होल्ड अ मीटिंग' म्हणतात. मात्र मराठीत धरणे जेथे चालते तेथे तेथे होल्ड चालेल, असे समजू नये. आंब्याला फळ धरते; ते इंग्रजीत होल्ड होत नाही.

'ग्रिप' म्हणजे सुटू नये अशा बेताने घट्ट धरून ठेवणे. येथे उद्देश कामाचा असतो. शेतकरी नांगराचे रुमणे ग्रिप करतो, विहिरीतून बादली ओढणारी बाई दोर ग्रिप करते, कारण हात ढिला पडला तर काम बिघडते. ग्रिपमध्ये काळ आहे; पकड टिकते. 'ग्रॅब' याच्या उलट. त्यात झटका आहे, टिकाव नाही. बस सुटत असता पोराने दांडा झटकन धरला, तो ग्रॅब केला. मग वर्ध्यापर्यंत तो त्याने ग्रिप केला किंवा नुसता होल्ड केला. 'तीस मिनिटे ग्रॅब केला' असे इंग्रजीत म्हणता येत नाही. ग्रॅबमध्ये थोडा असभ्यपणाही असू शकतो. पाहुण्यापुढची बशी ग्रॅब करणाऱ्या मुलाचे वर्णन हे कौतुक नव्हे.

'ग्रास्प' हा शब्द ग्रिपच्या जवळचा. पण ग्रिपमध्ये धरून ठेवणे मुख्य, तर ग्रास्पमध्ये बोटांनी वेढून ताब्यात घेणे मुख्य. त्याचा अधिक महत्त्वाचा उपयोग मनाच्या बाबतीत होतो. 'शी ग्रास्प्ट द मीनिंग' म्हणजे तिला अर्थ उमगला. मराठी शिक्षकाला हे समजावून देणे कठीण नाही, कारण आपल्याकडेही 'ग्रहण' या शब्दाचा मूळ अर्थ धरणे हाच आहे. पाणिग्रहणात हात धरला जातो, ग्रहणशक्तीत विषय धरला जातो. दोन दूरच्या भाषांनी समजण्याला हाताचीच उपमा द्यावी, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. येथे एक सावधगिरी हवी. 'ग्रास्प' आणि 'ग्रासणे' यांच्या उच्चारसाम्याने काहीजण फसतात. ग्रासणे हे घासावरून, ग्रासावरून आले आहे. धरण्याशी त्याचा संबंध नाही. आणि गंमत अशी की 'भीतीने ग्रासले' याला इंग्रजीत ग्रास्प लागत नाहीच, तेथे ग्रिप लागते.

'क्लच' संबंधी वर आलेच आहे. त्यात भीती, वेदना, गरज यांपैकी काही तरी असते. पोटात कळ आली म्हणजे माणूस पोट क्लच करतो. ग्रिप करीत नाही. या क्रियापदापुढे 'अ‍ॅट' हा लहानसा शब्द आला की अर्थ एकदम पालटतो. 'ही क्लच्ट द रोप' म्हणजे दोर त्याच्या हाती आला. 'ही क्लच्ट अ‍ॅट द रोप' म्हणजे त्याने दोराला हात घातला. दोर हाती लागला की नाही, हे सांगितलेले नाही, बहुधा लागला नाही. ग्रॅब आणि स्नॅच यांनाही हाच नियम लागू आहे. 'बुडत्याला काडीचा आधार' या आपल्या म्हणीसारखी जी म्हण इंग्रजीत आहे, तीत बुडणारा माणूस गवताच्या काडीला 'क्लच अ‍ॅट' करतो, ते याचमुळे. 'अ‍ॅट' गाळले तर काडी हाती आल्याचे होईल आणि म्हणीतील करुणाच निघून जाईल.

'क्लेंच' हा शब्द बाकीच्यांहून वेगळा पडतो, कारण त्यात बाहेरची वस्तू असावीच लागत नाही. मूठ, दात, जबडा हे क्लेंच होतात. राग, सुई टोचण्याची वेदना, थंडी किंवा निश्चय यांनी शरीर स्वतःलाच आवळते. मराठीत आपण मूठ वळणे, दात आवळणे म्हणतो. दोर किंवा पिशवी यांच्यासाठी हा शब्द एकटा वापरू नये.

'क्लास्प'मध्ये वेढणे आहे आणि बहुधा जिव्हाळा आहे. एका हाताची बोटे दुसऱ्या हाताच्या बोटांत गुंतवून धरली, तर हात क्लास्प झाले. निरोपाच्या वेळी एखाद्याचा हात दोन्ही हातांत घेतला, तेही क्लास्प. मात्र आपला नमस्कार क्लास्प नव्हे. तेथे तळवे जोडलेले असतात, बोटे गुंतलेली नसतात. अनेक भाषांतरांत ही चूक दिसते. आईने बाळाला उराशी धरले याला क्लास्प योग्य, भीतीचा प्रसंग असेल तर क्लचही योग्य. परंतु सीझ वापरले तर आईने बाळावर झडप घातली, असे होईल.

'सीझ' हा बळाचा आणि अधिकाराचा शब्द आहे. पोलीस चोरीचा माल सीझ करतात, म्हणजे जप्त करतात. चांगल्या अर्थाने संधीही सीझ करता येते. 'स्नॅच' म्हणजे हिसकावणे. त्यात दुसऱ्याच्या हातातली वस्तू असते. 'हग' म्हणजे मिठी मारणे, 'स्क्वीझ' म्हणजे दाबणे, पिळणे. 'पिंच' म्हणजे चिमटा घेणे. टकळीवर सूत काढताना तंतू चिमटीत धरतात, त्याला पिंच म्हणू नये. मिठाची चिमूट मात्र 'अ पिंच ऑफ सॉल्ट' अशीच होते.

'क्लिंग' या शब्दाला हाताचीही गरज नाही. बिलगणे, चिकटून राहणे, सोडावयास तयार नसणे हा त्याचा अर्थ. शाळेच्या पहिल्या दिवशी मूल आईला बिलगते, वेल कुंपणाला धरून चढते, माणूस जुन्या समजुतीला धरून बसतो. या तिन्ही ठिकाणी क्लिंग येते. या भागातील मुलांना याहून चांगले उदाहरण त्यांच्या पायांशीच मिळते. पावसाळ्यात कपाशीच्या शेतातून काळ्या मातीचा चिखल तुडवीत आलेल्या मुलाला 'मड क्लिंग्ज टू अवर फीट' हे वाक्य समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच्या वहाणाच ते सांगतात. क्लिंगनंतर 'टू' हवेच, हे येथेच पक्के करावे. मराठीत 'आईला बिलगले' यातील 'ला' प्रत्यय जे काम करतो, तेच हे 'टू' करते. ग्रिप, क्लास्प, ग्रास्प यांना मात्र असे काही लागत नाही.

शिक्षकांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. यांतील निम्मे शब्द गावात आधीच येऊन राहिले आहेत. दिव्याच्या बल्बला होल्डर असतो. टायर झिजला की 'ग्रिप राहिली नाही' असे म्हणतात. बॅटच्या दांड्यावर ग्रिप चढवितात. ट्रॅक्टर आणि मोटारसायकल यांना क्लच असतो, मुली केसांना क्लचर लावतात. तेल संपून इंजिन अडकले की 'सीज झाले' हे मिस्त्रीच्या तोंडी असते. वर्तमानपत्रात चेन स्नॅचिंगच्या बातम्या असतात आणि मैदानावर कॅच सुटतो. मूल हे शब्द बोलते. ते इंग्रजी आहेत आणि त्यांना क्रियापदाचा अर्थ आहे, एवढेच त्याला ठाऊक नसते. पुलगावच्या बाजारात ऐकलेले असे शब्द मुलांकडून गोळा करवून फळ्यावर लिहिले, तर पाठाची अर्धी तयारी झाली. क्लचच्या बाबतीत मात्र थोडे स्पष्टीकरण करावे लागेल. यंत्रातील क्लच म्हणजे एकमेकींना घट्ट धरणाऱ्या चकत्या. त्यांची पकड असते तोवर इंजिनाची शक्ती चाकाकडे जाते. चालक क्लच दाबतो तेव्हा ही पकड सुटते. म्हणून 'क्लच दाबणे' म्हणजे पकडणे नव्हे, सोडणे. ट्रॅक्टरवाल्याच्या मुलाला हे विचारावे. तोच वर्गाला समजावून देईल.

प्रत्यक्ष पाठासाठी साहित्य फार लागत नाही. काठी, दोरी, कापडी पिशवी आणि खडू पुरेत. हेरॉल्ड पामर यांनी जपानमध्ये असताना १९२५ साली कृतींमधून इंग्रजी शिकविण्याचे एक पुस्तक प्रसिद्ध केले होते. शिक्षकाने आज्ञा द्यावी, मुलांनी कृती करावी आणि मग वाक्य बोलावे, अशी ती रीत. हस्तोद्योगाचा वारसा सांगणाऱ्या जिल्ह्याला ती परकी वाटू नये. एका मुलाने काठी नुसती धरावी, दुसऱ्याने ओढावी. काठी निघून येते, हे होल्ड. पुन्हा ओढावी, आता पहिल्याने ती सोडू नये, हे ग्रिप. काठी टेबलावर ठेवून 'ग्रॅब' म्हणताच दोघांनी झेप घ्यावी. एकाच्या हातातली दुसऱ्याने ओढून घ्यावी. हे स्नॅच, आणि येथे वर्गात गोंधळ होणार हे गृहीत धरावे. काठी खाली ठेवून रिकामी मूठ वळावी, क्लेंच. शेजाऱ्याच्या बोटांत बोटे गुंतवावी, क्लास्प. पिशवी घेऊन एका मुलीने गर्दीतून चालण्याचा अभिनय करावा. क्लच शिकविण्यास याहून अधिक काही लागत नाही. प्रत्येक कृतीबरोबर वाक्य पूर्ण बोलवून घ्यावे, सुटा शब्द घोकवू नये. एका तासात तीन शब्दांहून अधिक घेऊ नयेत. आणि होल्ड, ग्रिप, ग्रॅब हे तीन पक्के होईपर्यंत पुढे जाऊ नये. चौथ्या-पाचव्या वर्गाला एवढे तीनच पुरेत. ग्रास्प, सीझ आणि 'अ‍ॅट'चा भेद सातव्या-आठव्यासाठी राखून ठेवावा.

कृतीनंतर उच्चार. भूतकाळी शेवटी 'इ-डी' ही दोन अक्षरे लागतात, पण त्यांचा उच्चार सर्वत्र 'ड' होत नाही. ग्रिप, ग्रास्प, क्लास्प, क्लच, स्नॅच, क्लेंच यांच्यापुढे तो 'ट' होतो : ग्रिप्ट, ग्रास्प्ट, क्लास्प्ट, क्लच्ट, स्नॅच्ट, क्लेंच्ट. ग्रॅब, हग, सीझ यांच्यापुढे तो 'ड' राहतो : ग्रॅब्ड, हग्ड, सीझ्ड. घशावर बोट ठेवून मूळ शब्दाचा शेवटचा वर्ण म्हणून पाहिला तर कारण कळते. 'ब', 'ग', 'झ' म्हणताना घसा थरथरतो, 'प' आणि 'च' म्हणताना थरथरत नाही. लिहिताना ग्रिपमधील 'पी', ग्रॅबमधील 'बी' आणि हगमधील 'जी' दुप्पट होतात. बाकीच्यांत तसे होत नाही. होल्ड, क्लिंग आणि कॅच यांना 'इ-डी' लागतच नाही. त्यांची रूपे हेल्ड, क्लंग आणि कॉट अशी होतात. क्लिंगचे रूप मुले हमखास चुकवितात, तेव्हा ते फळ्याच्या कोपऱ्यात आठवडाभर राहू द्यावे. सीझच्या लेखनात 'ई' आधी आणि 'आय' नंतर येतो, हेही लक्षात ठेवावे.

वह्या तपासण्याबाबत. मुलाने ग्रिप किंवा क्लच न लिहिता 'हेल्ड टाइटली' असे लिहिले, तर ते पूर्ण बरोबर मानावे आणि पूर्ण गुण द्यावे. साधा शब्द आणि एक क्रियाविशेषण ही मराठीचीच रीत आहे आणि इंग्रजीतही ती शुद्ध आहे. मुलाने अवघड शब्द वापरला असेल आणि तो चूक वाटत असेल, तर खोडण्यापूर्वी त्याला जवळ बोलावून मराठीत विचारावे : वस्तू कोणाची होती, हात कोठे होता, त्या वेळी काय वाटत होते? आजीची पिशवी पडत होती का, एवढा एक प्रश्न त्या मुलीला विचारला असता, तर ती म्हणाली असती, 'नाही गुरुजी, आजीनं ती सोडलीच नाही.' आणि लाल शाईची दौत बंदच राहिली असती.